वाचकाचा वाटा : महाविद्यालयीन ग्रंथालय आणि विद्यार्थ्यांची स्वयंसेवा

१

महाविद्यालयीन विद्यार्थी वाचत नाहीत, ही तक्रार अध्यापकवर्गात इतकी रूढ झाली आहे की ती तपासून पाहण्याची आवश्यकता आता कोणास वाटत नाही. तक्रारीमागोमाग उपायही ठरलेले असतात. वाचनाचे महत्त्व सांगणारे एखादे व्याख्यान होते, ग्रंथप्रदर्शन भरते, निबंधस्पर्धा होते. महाराष्ट्रात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांतून असे कार्यक्रम घडून येतात. हे उपक्रम निरर्थक आहेत असे म्हणण्याचा हेतू नाही. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी एक समान गृहीत आहे. विद्यार्थी हा श्रोता आहे. वाचन ही हितकारक गोष्ट आहे हे त्याला पटवून दिले म्हणजे तो आपोआप ग्रंथालयाकडे वळेल, असे हे गृहीत होय.

वस्तुतः वाचन हितकारक आहे हे न पटलेला विद्यार्थी क्वचितच आढळतो. अडचण पटण्याची नसते. ग्रंथालयात आपले काही काम आहे असे त्याला वाटत नाही, ही खरी अडचण असते. देवघेवीच्या खिडकीपाशी उभे राहून चिठ्ठी पुढे सरकवायची, परीक्षेपुरते पुस्तक घ्यायचे आणि दंड होऊ नये म्हणून मुदतीत परत करायचे, एवढाच त्याचा ग्रंथालयाशी संबंध येतो. ज्या घरात पुस्तके आहेत त्या घरातील विद्यार्थी या संबंधाच्या पलीकडे स्वतःच्या बळावर जातो. ज्याच्या घरात शिकणारा तो पहिलाच आहे, त्याला खिडकीच्या पलीकडे काय आहे हेच ठाऊक नसते. मग ते मागावे कसे?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, ग्रंथालयाच्या प्रत्यक्ष कामात विद्यार्थ्याला वाटा दिल्यास तो वाचक होण्याचा संभव केवळ उपदेशाने होणाऱ्या परिणामापेक्षा पुष्कळच अधिक असतो. ‘वाटा’ हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजला आहे. मराठीत वाटा मिळतो आणि वाटा उचलावाही लागतो. हक्क आणि जबाबदारी हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात एकत्र नांदतात. हे प्रतिपादन सर्वच महाविद्यालयांना लागू असले, तरी महाराष्ट्राबाहेरील महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहांच्या संदर्भात ते विशेष निकडीचे आहे. कारण तेथे प्रश्न केवळ वाचक घडविण्याचा नाही. वाचक न मिळाल्यास ते संग्रहच उपयोगातून जाण्याचा धोका आहे.

२

विद्यार्थ्यांचे वाचन आणि विद्यार्थ्यांची सेवा यांचा परस्परसंबंध आपल्याकडे नवा नाही. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. तिच्या बैठकींतून निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. देशभाषांतून हेच कार्य व्हावे म्हणून मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या, आणि मराठी सभेशी संबंधित ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० मध्ये सुरू झाले. याच मंडळींनी १८४९ मध्ये मराठी आणि गुजराती भाषक मुलींसाठी शाळा उघडल्या. दादाभाई नवरोजी यांच्यासारखे तरुण सकाळच्या मोकळ्या वेळात विनावेतन तेथे शिकवीत. निबंध वाचणारा विद्यार्थी आणि शाळेत शिकविणारा स्वयंसेवक या दोन वेगळ्या व्यक्ती नव्हत्या, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपण जे वाचतो ते कोणाला तरी सांगायचे आहे, या जाणिवेने त्यांच्या वाचनाला प्रयोजन मिळाले, आणि त्या प्रयोजनामुळेच इंग्रजीतून मिळालेले ज्ञान मराठीत आणण्याचा खटाटोप त्यांनी केला.

दुसरे उदाहरण बडोद्याचे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानास लागू केला. शिकलेली प्रजा पुढे वाचणार काय, हा प्रश्न त्यातून ओघानेच निर्माण झाला. त्याच्या उत्तरासाठी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बोर्डन या ग्रंथपालास पाचारण करण्यात आले. मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचे प्रशिक्षण, लाकडी पेट्यांतून गावोगाव जाणारी फिरती ग्रंथालये अशी त्या योजनेची अंगे सर्वपरिचित आहेत. १९१२ मध्ये सुरू झालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या तेथील नियतकालिकात इंग्रजी आणि गुजराती यांच्याबरोबर मराठीलाही स्थान होते. म्हणजे भारतातील ग्रंथालयविषयक विचाराच्या आरंभकाळातच, आणि तोही महाराष्ट्राबाहेर, मराठीचा सहभाग होता.

परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने बडोद्याच्या योजनेतील सर्वांत महत्त्वाची तरतूद आर्थिक स्वरूपाची आहे. गावात ग्रंथालय हवे असल्यास गावकऱ्यांनी वर्गणीतून काही रक्कम उभी करावयाची. तेवढीच रक्कम पंचायत देई आणि तेवढीच सरकार देई. समर्थ संस्थानाला सर्व खर्च स्वतः करणे अशक्य होते असे नाही. तरीही गावाचा तिसरा हिस्सा आवश्यक मानला गेला. या तरतुदीत खर्चाच्या वाटणीइतकाच आपलेपणाचा विचार दिसतो. ज्या ग्रंथालयासाठी आपण वर्गणी दिली त्याचे दार उघडे आहे की बंद, याची चौकशी गावकरी करणारच. महाविद्यालयीन विद्यार्थी ग्रंथालयाचे शुल्क भरतो, हे खरे. परंतु शुल्क प्रवेशाच्या पावतीत मिसळून जाते, त्यातून वाट्याची भावना उत्पन्न होत नाही. त्याच्यापाशी देण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळ आणि श्रम.

तिसरे उदाहरण एका व्यक्तीचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना चर्नी रोडजवळच्या बागेत वाचत बसत. तेथे नेहमी येणारे शिक्षक आणि ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांचे या मुलाकडे लक्ष गेले. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही साहाय्य केले. ग्रंथालयशास्त्राच्या परिभाषेत याला वाचकसेवा म्हणता येईल. पण केळूसकर त्या वेळी कोणत्याही ग्रंथालयाचे नोकर नव्हते. वाचणारा मुलगा दिसताच त्याच्याजवळ जाऊन बसणारा एक जाणता वाचक, एवढीच त्यांची भूमिका होती. शेकडो विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात एकटा ग्रंथपाल ही भूमिका सर्वांसाठी पार पाडू शकत नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थी खालच्या वर्गातील विद्यार्थ्यासाठी ती पार पाडू शकतो. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबाद येथे, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले, महाविद्यालय काढताना बाबासाहेबांनी उच्च शिक्षण नव्या समाजघटकांपर्यंत नेले. त्या घटकांतील विद्यार्थ्याला आजही ग्रंथालयात सर्वाधिक उणीव भासत असेल तर ती अशा जाणत्या सोबत्याची होय.

३

असे असता विद्यार्थ्याला ग्रंथालयाच्या कामात वाटा का दिला जात नाही? याचे प्रमुख कारण भीती हे आहे. ग्रंथ हरवतील ही भीती, आणि हरवलेल्या ग्रंथांची किंमत आपल्या वेतनातून वसूल होईल ही त्यामागची भीती. ज्या ग्रंथपालाला दाखल नोंदवहीतील प्रत्येक क्रमांकाबद्दल जाब द्यावा लागतो, तो कपाटांना कुलूप लावतो. त्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. मात्र या भीतीला नियमांचा जेवढा आधार आहे असे समजले जाते, तेवढा तो नाही. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमावलीत, वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा ग्रंथालयात पाहिल्या गेलेल्या दर एक हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा झालेला नसल्यास, वाजवी मानली आहे. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे ग्रंथ आणि दुर्मिळ ग्रंथ यांच्या बाबतीत मात्र चौकशी आवश्यक ठरविली आहे. या नियमाचा आशय स्पष्ट आहे. ग्रंथ वापरला गेला तर थोडी हानी होणारच, हे शासनाने मान्य केले आहे. आणि ही सवलत वापराच्या प्रमाणात वाढते. कुलूपबंद कपाटाला या नियमाचा काहीच लाभ नाही. ज्या संस्थांना ही नियमावली थेट लागू नाही, त्यांनाही आपल्या व्यवस्थापनापुढे ती आधार म्हणून ठेवता येईल.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे आपल्या परीक्षार्थींना मुखोद्गत असतात. ग्रंथ उपयोगासाठी असतात, वाचकाला त्याचा ग्रंथ आणि ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, आणि ग्रंथालय हे वाढत राहणारे असावे, असा त्यांचा थोडक्यात आशय. यांपैकी तिसरे सूत्र, ग्रंथाला वाचक मिळवून देण्याचे, आपल्याकडे सर्वांत उपेक्षित राहिले आहे. वाचकाला ग्रंथ मिळवून देणे हे मागणीवर अवलंबून असते. वाचक मागतो, ग्रंथपाल देतो. ग्रंथाला मात्र मागता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. रंगनाथन यांनी मुक्तद्वार पद्धतीचा जो आग्रह धरला त्याचे एक कारण हेच होते: वाचक कपाटांमधून हिंडू लागला म्हणजे ज्या ग्रंथाचे नावही त्याला ठाऊक नव्हते तो ग्रंथ त्याच्या दृष्टीस पडतो. विद्यार्थी-स्वयंसेवक ही या मुक्तद्वाराची पुढची पायरी होय. तो कपाटापुढून नुसता जात नाही, तर तेथे थांबतो.

४

आता महाराष्ट्राबाहेरील मराठी कपाटाकडे वळू. मराठी मुद्रणाचा प्रारंभच मुळी आजच्या महाराष्ट्राच्या सीमेबाहेर झाला, हे अभ्यासकांना ज्ञात आहे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले, आणि सरफोजी राजांच्या आश्रयाने तंजावर येथे १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीच्या कथांचे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले. पुढे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव या स्थळी मराठी वाचकवर्ग होता. तेथे संस्था निघाल्या, ग्रंथ छापले गेले, नियतकालिके चालली, घरोघरी संग्रह झाले. ते संग्रह आज वारसदारांकडून महाविद्यालयांना देणगीदाखल मिळतात. देणगी स्वीकारली जाते, आभाराचे पत्र जाते, आणि पुस्तके गठ्ठ्यांतच राहतात. कारण ग्रंथपालाला बहुधा मराठी येत नाही, आणि ज्यांना येते त्या विद्यार्थ्यांना गठ्ठा सोडण्याची परवानगी नसते.

या विद्यार्थ्यांची भाषिक स्थितीही विचारात घेतली पाहिजे. घरी मराठी बोलणारा, परंतु हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा कन्नड माध्यमातून शिकलेला हा विद्यार्थी मराठी समजतो, बोलतो, पण सलग पान वाचताना अडखळतो. देवनागरी त्याला हिंदीमुळे परिचित असते. अडते ते जोडाक्षरांत नव्हे, तर लेखी मराठीच्या शब्दकळेत आणि वाक्यरचनेत. त्याच्या हाती एकदम प्रौढ कादंबरी देणे म्हणजे पोहण्यास न शिकलेल्यास डोहात ढकलण्यासारखे आहे. पण मुखपृष्ठ, शीर्षकपृष्ठ, प्रकाशकाचे नाव, अर्पणपत्रिका, प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद, एवढे वाचून नोंद करण्याचे काम त्याला निश्चित जमते. शंभर पुस्तकांची अशी नोंद करणारा विद्यार्थी शंभर प्रस्तावनांचा आरंभ वाचून मोकळा झालेला असतो. आणि त्यांपैकी दोन-चार पुस्तके तो घरी नेल्यावाचून राहत नाही. सूचीकार्य हा भाषेत पुन्हा प्रवेश करण्याचा सोपा घाट ठरतो.

या नोंदीचे मोल केवळ शैक्षणिक नाही. शंकर गणेश दाते यांनी आपल्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या दोन खंडांत अनुक्रमे १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी मुद्रित ग्रंथांची नोंद केली. एका व्यक्तीने एवढे प्रचंड काम व्रतासारखे पार पाडावे, हे मराठी विद्याक्षेत्रातील स्वयंसेवेचे सर्वोच्च उदाहरण मानावे लागेल. परंतु कोणतीही सूची परिपूर्ण नसते, आणि दूरच्या गावी थोड्या प्रतींत छापलेले ग्रंथ सूचीकाराच्या नजरेतून निसटण्याचा संभव सर्वाधिक. स्थानिक मंडळाने काढलेले चरित्र, संस्थानी मुद्रणालयात छापलेले पाठ्यपुस्तक, एखाद्या वाचनालयाचा अहवाल, स्त्रियांच्या मंडळाची गीतपुस्तिका, अशा गोष्टी गठ्ठ्यात सापडल्या तर त्या दाते यांच्या सूचीत आहेत की नाहीत, हे पाहण्यास दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही समर्थ असतो. नसल्यास त्याने मराठी ग्रंथविद्येत खरीखुरी भर घातलेली असते. विद्यार्थ्याचे काम खारीच्या वाट्याचे असले तरी सेतूत त्याचा खडा खरोखरच बसतो, ही प्रतीती त्याला अन्य कोणत्या उपक्रमातून येणार?

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा आनंद सर्वांना आहे. तथापि भाषेला मिळालेला दर्जा गठ्ठ्यातील पुस्तकाला वाचक मिळवून देत नाही. ते काम त्या त्या महाविद्यालयालाच करावे लागेल.

५

या विचाराला व्यवहारात उतरविण्यासाठी चार कामे सुचवावीशी वाटतात. त्यांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जाणारा आहे.

पहिले काम पडताळणीचे. वर उल्लेखिलेल्या नियमावलीप्रमाणे वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची संपूर्ण पडताळणी दरवर्षी व्हावयाची असते. बहुतेक महाविद्यालयांत हे काम सुट्टीत, बंद दाराआड, कंटाळवाणे कर्तव्य म्हणून उरकले जाते. ते सत्र चालू असताना, दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या करून, एकेक कपाट त्यांच्याकडे सोपवून करावे. एकाने दाखल क्रमांक वाचावा, दुसऱ्याने खूण करावी. कसर लागलेली, शिवण सुटलेली, पाने सुटी झालेली पुस्तके वेगळी काढावी. याच वेळी प्रत्येक जोडीने, यापूर्वी एकदाही बाहेर न गेलेले एक पुस्तक निवडून ते का वाचावे याबद्दल पाच ओळी लिहाव्यात. त्या ओळी दर्शनी फळ्यावर लावल्या म्हणजे तिसऱ्या सूत्राची अंमलबजावणी सुरू झाली.

दुसरे काम टिपणांचे. मराठी येणाऱ्या आणि न येणाऱ्या विद्यार्थ्यांनी मिळून हे करावे. मराठी विद्यार्थ्याने एका पुस्तकाचा आशय सांगावा. त्याच्या सहाध्यायाने तो तेलुगूत, गुजरातीत, बंगालीत किंवा हिंदीत दहा-बारा ओळींत लिहून काढावा. उलट दिशेनेही तसेच व्हावे. अशी टिपणे तालिकेस जोडली म्हणजे मराठी न येणाऱ्या संशोधकालाही त्या कपाटात काय आहे हे कळेल. तौलनिक साहित्याभ्यासाचे जे पाठ आपण पदव्युत्तर वर्गात देतो, त्यांचा पहिला धडा येथे मिळतो. आणि शब्द कोठे अडतो, कोणत्या नात्याला दुसऱ्या भाषेत नाव नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या अनुभवातून समजते.

तिसरे काम मोठ्याने वाचण्याचे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना भारतीय भाषांतील पुस्तके श्राव्य रूपात फारच थोडी मिळतात. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे अपंग व्यक्तींच्या उपयोगासाठी ग्रंथ सुगम रूपात आणणे, ते लाभासाठी नसल्यास, वैध ठरले आहे. याच विषयावरील माराकेश करारास २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारे राष्ट्र भारत हेच होते. तेव्हा महाविद्यालयाने एक शांत खोली आणि एक ध्वनिमुद्रक एवढी सोय केल्यास विद्यार्थी आपल्या सहाध्यायांसाठी पाठ्यग्रंथ वाचून ठेवू शकतात. ऐकणाऱ्याला अर्थ लागावा अशा रीतीने वाचावयाचे म्हणजे वाक्य कोठे तुटते, क्रियापद कोठे येते, हे वाचणाऱ्याला आधी समजून घ्यावे लागते. मुकाट्याने डोळे फिरविणाऱ्या वाचनात जी शिथिलता चालते ती येथे चालत नाही. अडखळत वाचणारा विद्यार्थी एका सत्रात जेवढा सुधारतो, तेवढा तो व्याकरणाच्या तासांनी सुधारत नाही.

चौथे काम जतनाचे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे उलटली म्हणजे सामान्यतः त्याचे ग्रंथ प्रताधिकारमुक्त होतात. अशा ग्रंथांचे छायांकन करून संगणकावर आणणे आणि यंत्राने ओळखलेली अक्षरे मूळ पानाशी ताडून पाहणे, हे काम आज सर्वत्र चालू आहे. मराठी ‘विकिस्रोत’ हा प्रकल्प असाच स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. जुन्या टंकातील मराठी वाचताना यंत्र चुकते, आणि ती चूक जाणता वाचकच दुरुस्त करू शकतो. ज्यांना मोडीची गोडी लागेल त्यांच्यासाठी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रांसारखे भांडार पुढे आहेच.

या कामांसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्याचेही कारण नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावयाची असते. त्यांतील काही तास ग्रंथालयासाठी राखून ठेवता येतील. रस्ता झाडणे ही जशी सेवा आहे, तशीच गठ्ठ्यातील पुस्तक वाचकापर्यंत पोहोचविणे हीदेखील सेवाच होय.

६

या योजनेवर काही आक्षेप घेतले जातील, आणि ते गंभीरपणे विचारात घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा की, विनावेतन विद्यार्थी मिळाले म्हणजे ग्रंथालयातील रिक्त पदे भरण्याची निकड संपेल. हा धोका काल्पनिक नाही. म्हणून कामांची विभागणी प्रारंभीच लेखी करावी. वर्गीकरण, खरेदी, दाखल नोंद, देवघेवीचा हिशेब ही प्रशिक्षित सेवकांची कामे. ती स्वयंसेवकांकडे देऊ नयेत. स्वयंसेवकाने करावयाची कामे ती, जी आज कोणीच करीत नाही. ग्रंथपाल नसलेल्या महाविद्यालयाने ही योजना हाती घेऊ नये; कारण शिकविणारा नसेल तर तेथे स्वयंसेवा उरत नाही, नुसती राबणूक उरते.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे, आणि तो अधिक खोल जातो. ज्याला घरी गेल्यावर शेतावर किंवा दुकानात काम करावे लागते, त्याच्यापाशी विनामूल्य देण्यास वेळ कोठून येणार? स्वयंसेवा ही अशा रीतीने सुस्थितांची मिरासदारी बनू शकते. येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतील ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाचे स्मरण ठेवणे उचित होईल. गरजू विद्यार्थ्याच्या श्रमाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे. ग्रंथालयातील दीर्घ मुदतीची कामे सवेतन ठेवावी आणि त्यांत अशा विद्यार्थ्यांस अग्रक्रम द्यावा. त्याचप्रमाणे, मुलींनी पुस्तकांना वेष्टने घालावी आणि मुलांनी व्यासपीठावरून परिचय करून द्यावा, किंवा काहींनी धूळ झटकावी आणि काहींनी टिपणे लिहावी, अशी वाटणी होऊ देता कामा नये. प्रत्येकाने चारही कामे पाळीपाळीने करावी, हा नियम कटाक्षाने पाळावा. कपाट झाडणाऱ्याला वाचण्याचा अधिकार नाही, ही आपल्या समाजाची जुनी व्यवस्था होती. ती ग्रंथालयात मागल्या दाराने परत येता कामा नये.

तिसरा आक्षेप गुणांचा. सेवेला गुण किंवा श्रेयांक दिले की विद्यार्थी गुणांसाठी येतील, न दिले तर येणारच नाहीत. यावर पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. तासांची नोंद आवश्यक असल्यास ती करावी. मात्र मूल्यमापन तासांवर न करता विद्यार्थ्याने मागे काय ठेवले, म्हणजे किती नोंदी, कोणते टिपण, कोणते ध्वनिमुद्रण, यावर करावे, आणि त्या प्रत्येकावर त्याचे नाव असावे. दहा वर्षांनी येणाऱ्या संशोधकाला तालिकेत ते नाव दिसेल, ही गोष्ट प्रमाणपत्राहून टिकाऊ आहे.

७

शेवटी अध्यापकांच्या वाट्याबद्दल दोन शब्द. विद्यार्थ्यांनी ग्रंथालयात जावे असे सांगणारे आपण स्वतः तेथे कितीदा जातो, हा प्रश्न अप्रस्तुत नाही. आपल्या विभागात देणगीदाखल आलेला एखादा गठ्ठा असेल, तर त्याची दोरी अध्यापकाने विद्यार्थ्यांसमवेत बसून सोडावी. पुस्तकावरील धूळ, पहिल्या पानावरील कोणा अपरिचिताची सही, मधल्या पानात राहिलेली पोस्टाची पावती, समासात पेन्सिलीने केलेला वाद, या गोष्टींतून त्या पुस्तकाला पूर्वी एक वाचक होता हे विद्यार्थ्याला कळते. वाचनपरंपरा म्हणून आपण ज्याचा गौरव करतो ती त्याला तेथे हातात धरता येते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाने दीडशे-दोनशे वर्षे पुस्तके जमविली, वर्गणी काढून वाचनालये चालविली. ती पुस्तके आज आपल्या संस्थांच्या ताब्यात आहेत आणि त्याच कुटुंबांतील मुले आपल्या वर्गांत बसली आहेत. या दोहोंमध्ये एका कुलुपाचे अंतर आहे. ते काढण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. पुढील काम विद्यार्थी करू शकतील.